पहारेकरी उठून गेल्यावर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गरीब देशांतली गरिबी आणि तिथली युद्धं यांचा बाकीच्या जगावर नेमका काय परिणाम होतो? निर्वासित आणि दहशतवाद या नेहमीच्या दोन गोष्टी सोडून आणखी काही आहे का? आणि प्रत्येक देशाची ‘घरचं झालं थोडं, त्यात व्याह्यानं धाडलं घोडं’ अशी गत असताना या लष्करच्या भाकऱ्या कुणी आणि कशासाठी भाजायच्या?

मी वीसेक वर्षं मदतकार्यातल्या पुरवठ्याचं काम केलं. लशींच्या पेट्या, पिठाची पोती, जनरेटरचं डिझेल, ट्रकच्या परवानग्या हा माझा संसार. धोरणं आखणाऱ्यांत मी कधी नव्हतो, त्यामुळे माझं उत्तर गोदामाच्या दारातून दिसतं तसं आहे.

देश गरिबीत आणि युद्धात रुतला की घरं, शाळा, पूल पडतात. त्याचे फोटो येतात. ज्याचे फोटो येत नाहीत ते असं, की काही बिनबोभाट चालणारी कामं थांबतात. किनाऱ्यावर गस्त घालणारी बोट, वाळवंटात टोळांची अंडी शोधत फिरणारा कर्मचारी, विचित्र तापाच्या रुग्णाचं रक्त तपासणीला पाठवणारी परिचारिका, तेलाच्या जहाजावरच्या बॉयलरची देखभाल करणारा इंजिनिअर. ही माणसं त्यांच्या देशाच्या पगारावर असतात, पण पहारा साऱ्या जगासाठी देत असतात. जग त्याचे पैसे मोजत नाही, म्हणून ती आहेत हेही जगाला ठाऊक नसतं. पगार थांबला किंवा गोळीबार सुरू झाला की ती उठून जातात. मग जे व्हायचं ते होतं, आणि त्याचं बिल भलत्याच्याच दारात येऊन पडतं. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर मुख्यतः एवढंच आहे. आता हे कसं घडतं ते सांगतो.

सगळ्यात स्वच्छ उदाहरण काँगो लोकशाही प्रजासत्ताकातलं, २०१८ सालचं. त्या वर्षी मे महिन्यात देशाच्या पश्चिमेला, एकात्वर प्रांतात, इबोलाची साथ जाहीर झाली. आधी बिकोरो आणि इबोको ही आडवळणाची ठिकाणं, मग म्बांडाका हे काँगो नदीकाठचं मोठं शहर. शहरात, तेही नदीवाहतुकीच्या हमरस्त्यावर, इबोला शिरला म्हटल्यावर भल्याभल्यांच्या पोटात गोळा आला. पण या वेळी लस हाताशी होती. रुग्ण सापडला की त्याच्या संपर्कातले लोक आणि त्या लोकांच्या संपर्कातले लोक असं कडं करून ती टोचायची. लस उणे ६० अंशांच्याही खाली ठेवावी लागते. जिथे वीज नाही तिथे ही शीतसाखळी सांभाळणं म्हणजे काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. तरीही जमलं. ५४ रुग्ण, ३३ मृत्यू, आणि २४ जुलैला साथ संपल्याची घोषणा.

आठच दिवसांनी, १ ऑगस्टला, त्याच देशाच्या पूर्वेला उत्तर किवू प्रांतात दुसरी साथ जाहीर झाली. पहिलीशी तिचा संबंध नव्हता. विषाणू त्याच जातीचा, लस तीच, आरोग्य मंत्रालय तेच, वर्षही तेच. ही साथ संपायला मात्र जून २०२० उजाडला. ३,४७० रुग्ण आणि २,२८७ मृत्यू.

फरक काय होता? उत्तर किवूत पंचवीस वर्षं सशस्त्र टोळ्यांचा धुमाकूळ चालू होता. इबोलाच्या कामाचा गाभा कंटाळवाणा असतो: संपर्कातल्या माणसाच्या दारी सलग २१ दिवस रोज जाऊन ताप आहे का ते पाहायचं. तिथल्या बेनी या शहराच्या आसपास हल्ला झाला की पथकं दोन-तीन दिवस बाहेर पडू शकत नसत, आणि तेवढ्यात साखळी तुटे. पण गोळ्यांपेक्षाही अविश्वास महाग पडला. लोक म्हणत, इतकी वर्षं आमची माणसं कापली जात होती तेव्हा कुणी फिरकलं नाही, आता या एका रोगासाठी पांढऱ्या गाड्यांची रांग कशी काय लागली? त्यात डिसेंबर २०१८ मध्ये इबोलाचं कारण देऊन बेनी आणि बुटेंबो इथलं मतदान पुढं ढकललं गेलं, इतकं की नवे राष्ट्राध्यक्ष आधी गादीवर बसले. इबोला ही सरकारनं रचलेली भानगड आहे असं ज्यांना वाटत होतं त्यांना आणखी काय हवं होतं? फेब्रुवारी २०१९ मध्ये चार दिवसांत काटवा आणि बुटेंबो इथल्या दोन उपचारकेंद्रांवर हल्ले झाले, आगी लावल्या गेल्या, आणि तिथे काम करणाऱ्या डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या वैद्यकीय संस्थेला हात आखडता घ्यावा लागला. जूनमध्ये रुग्ण सीमेपलीकडे युगांडात सापडले. जुलैत, गोमा या सीमेवरच्या शहरात रुग्ण आढळल्यावर, जागतिक आरोग्य संघटनेनं आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली.

५४ आणि ३,४७० या दोन आकड्यांमधलं अंतर ही युद्धाची किंमत आहे, असं मी नवीन आलेल्या सहकाऱ्यांना सांगत असे. शास्त्रज्ञ याला थोडं भडक विधान म्हणतील, कारण दोन्ही प्रांतांत लोकवस्तीचा आणि ये-जा करण्याचाही फरक आहे. चालेल. पण याहून जवळचं तुलनेचं उदाहरण मला सापडलेलं नाही.

एक गोष्ट जाता जाता. त्याच काळात काँगोत गोवराची साथ होती. २०१९ मध्ये तिनं ६,००० हून जास्त माणसं नेली, बहुतेक सगळी पाच वर्षांखालची मुलं. म्हणजे इबोलापेक्षा कितीतरी जास्त. तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही, कारण ती विमानात बसून आपल्याकडे येईल अशी भीती श्रीमंत जगाला नव्हती. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

पश्चिम आफ्रिकेतली २०१४ ची मोठी साथ तर तुम्हाला आठवत असेलच. तिची सुरुवात डिसेंबर २०१३ मध्ये गिनीतल्या मेलियांडू या गावात झाली आणि रोग इबोलाच आहे हे नक्की व्हायला मार्च उजाडला. तीन महिने. तोवर तो शेजारच्या लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये शिरण्याच्या बेतात होता. या दोन्ही देशांतली यादवी युद्धं अनुक्रमे २००३ आणि २००२ मध्ये संपली होती, म्हणजे दहा-अकरा वर्षं उलटून गेली होती. तरी चाळीस लाखांच्या वर वस्ती असलेल्या लायबेरियात साथ आली तेव्हा जेमतेम पन्नासेक डॉक्टर होते. युद्ध संपल्याची तारीख आणि युद्धाचे परिणाम संपल्याची तारीख यांत एका पिढीचं अंतर असतं. डॉक्टर तयार व्हायला जेवढी वर्षं लागतात तेवढं तरी असतंच. ११,३०० च्या वर माणसं गेली. सप्टेंबर २०१४ मध्ये एका आजारासाठी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेला आंतरराष्ट्रीय शांततेला धोका असल्याचा ठराव करावा लागला, आणि वर्षअखेरीस एकट्या अमेरिकेनं ५.४ अब्ज डॉलर मंजूर केले. त्याच्या शतांशात त्या तीन देशांत चांगल्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या असत्या.

रोगांचं उदाहरण लोकांना पटकन पटतं, म्हणून एक वेगळं सांगतो. टोळ. मे २०१८ मध्ये ‘मेकुनु’ आणि ऑक्टोबरमध्ये ‘लुबान’ अशी दोन चक्रीवादळं अरबी द्वीपकल्पाच्या आतल्या निर्मनुष्य वाळवंटात पाऊस पाडून गेली. वाळूत गवत उगवलं, टोळांच्या पिढ्यांमागून पिढ्या वाढल्या. त्यातले थवे येमेनमध्ये उतरले. टोळांवर नजर ठेवण्याचं आणि फवारणीचं काम येमेनचे लोक वर्षानुवर्षं करत आलेले. पण आता यादवी युद्धात देशाचे दोन तुकडे, मध्ये लढाईची आघाडी, गाड्या पळवलेल्या, कित्येक भागांत पाय ठेवणं अशक्य. टोळांना मात्र आघाडी ओलांडायला परवानगी लागत नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात ते समुद्र ओलांडून इथिओपिया आणि सोमालियात गेले. सोमालियाच्या मोठ्या भागात पुन्हा तीच अडचण. वर्षअखेरीस केनियात पोचले, तिथे ७० वर्षांत एवढी टोळधाड कुणी पाहिली नव्हती. दुसऱ्या बाजूनं इराण, पाकिस्तान, भारत. एक चौरस किलोमीटरचा थवा एका दिवसात ३५,००० माणसांएवढं अन्न फस्त करतो. अन्न आणि कृषी संघटनेनं जानेवारी २०२० मध्ये ७ कोटी ६० लाख डॉलर मागितले. ते यायला उशीर झाला, फेब्रुवारी संपेपर्यंत मागणी १३ कोटी ८० लाखांवर गेली. टोळ पिलावस्थेत जमिनीवर असतात तेव्हा काही माणसं, काही पंप आणि काही जीपगाड्या पुरतात. पंख फुटले की विमानं लागतात.

येमेनचाच तिसरा नमुना, आणि हा मला सगळ्यात जवळचा, कारण त्यात जहाज आहे. ‘सेफर’ नावाचं तेलाचं जहाज १९७६ साली बांधलेलं, १९८८ पासून येमेनच्या लाल समुद्रकिनाऱ्याजवळ तरंगती टाकी म्हणून नांगरलेलं. २०१५ मध्ये युद्ध पेटलं आणि देखभाल बंद पडली. पोटात ११ लाख ४० हजार बॅरल कच्चं तेल, म्हणजे १९८९ मध्ये अलास्कात ‘एक्सॉन व्हाल्डेझ’मधून सांडलं त्याच्या सुमारे चौपट. बॉयलर बंद पडला. बॉयलर बंद म्हणजे टाक्यांत भरायचा निष्क्रिय वायू बंद, आणि तो नसला की तेलाच्या वाफा साचतात, कुणी साधी सिगारेट पेटवायचा अवकाश. २०२० मध्ये इंजिनरूममध्ये समुद्राचं पाणी शिरलं. तरीही युद्धातल्या दोन्ही बाजूंचा वाद चालूच: जहाजाला हात कुणी लावायचा, तेल कुणाचं, विकलं तर पैसे कुणाचे. फुटलं असतं तर नुसत्या सफाईचा अंदाज २० अब्ज डॉलरचा होता. कोळीवाडे बुडाले असते, होदेदा बंदर बंद पडून येमेनचं धान्य अडलं असतं, आणि सुएझकडे जाणारा मार्ग खोळंबला असता ते वेगळंच. शेवटी संयुक्त राष्ट्रांनी साडेपाच कोटी डॉलरला एक जुनं टँकर विकत घेतलं आणि जुलै-ऑगस्ट २०२३ मध्ये अठरा दिवसांत तेल त्यात उपसून घेतलं. एकूण खर्च सुमारे १४ कोटी डॉलर. एवढे पैसे गोळा करायला वर्षाहून जास्त काळ दारोदार फिरावं लागलं, अगदी लोकवर्गणीसुद्धा काढली. एका बाजूला १४ कोटी, दुसऱ्या बाजूला दोन हजार कोटी, तरीही खिसे उघडेनात. माझ्या सगळ्या नोकरीचं सार या एका हिशोबात आहे. तेल उपसलं, पण ते कुणाचं यावर एकमत झालं नाही, म्हणून ते नव्या जहाजात तसंच राहिलं.

सोमालियातल्या चाच्यांची गोष्ट याच जातीची. जानेवारी १९९१ मध्ये सियाद बारे यांची राजवट कोसळली आणि आफ्रिका खंडाच्या मुख्य भूमीवरच्या सगळ्यात लांब किनाऱ्याला तटरक्षक उरला नाही. परदेशी ट्रॉलर बिनदिक्कत मासे उपसू लागले. त्यांना हुसकावण्याच्या नावाखाली काही टोळ्या उभ्या राहिल्या, आणि मासेमारी करण्यापेक्षा जहाज पळवण्यात जास्त पैसा आहे हे त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. (‘बिचारे कोळी’ ही कहाणी मी पूर्ण मान्य करत नाही. पैसे पुरवणारे सावकार किनाऱ्यापासून दूर शहरात बसलेले असत.) २००५ ते २०१२ या काळात खंडणी म्हणून गेले ३४ ते ४१ कोटी डॉलर. पण विमा, वळसे, सशस्त्र रक्षक आणि जास्त वेगासाठी जळलेलं इंधन यांमुळे जागतिक व्यापारावर पडलेला भार जागतिक बँकेनं वर्षाला १८ अब्ज डॉलर काढला होता. चोरानं नेलं त्याच्या कितीतरी पट कुलपांवर गेलं. दूरच्या अस्थैर्याचा खर्च असाच असतो, तो भीतीचा खर्च असतो आणि तो वस्तूच्या किमतीत इतका बेमालूम मिसळतो की कुणाला वेगळा दिसत नाही. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केल्यावर पुन्हा हेच झालं. जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, दहा-बारा दिवस वाढले, आणि सगळ्यात जास्त नुकसान झालं इजिप्तचं. त्याचं सुएझचं उत्पन्न २०२४ मध्ये निम्म्याहून खाली आलं. इजिप्तचा त्या भांडणाशी काही संबंध नव्हता.

आता निर्वासितांकडे येतो, कारण तुम्ही ते बाजूला ठेवा म्हणालात तरी त्याबद्दलचे समज इतके उलटे आहेत की बोलल्याशिवाय राहवत नाही. २०२४ च्या अखेरीस जगात १२ कोटी ३२ लाख माणसं हिंसाचारामुळे घरातून उठलेली होती. त्यातली ७ कोटी ३५ लाख आपल्याच देशात दुसरीकडे राहतात. जे सीमा ओलांडतात त्यांतले दोन तृतीयांश शेजारच्याच देशात थांबतात, आणि जवळजवळ तीन चतुर्थांश निर्वासितांना सांभाळणारे देश स्वतः गरीब किंवा मध्यम उत्पन्नाचे आहेत. लेबनॉनमध्ये एक काळ असा होता की दर चार माणसांमागे एक सीरियन निर्वासित होता. माणूस घर सोडतो तेव्हा शक्यतो शेताच्या बांधावरून घर दिसेल एवढ्याच अंतरावर थांबू पाहतो. तंबूत भेटलेल्या लोकांनी मला किल्ल्या दाखवल्या आहेत. घर उभं आहे की नाही हेही माहीत नसताना किल्ली जपून ठेवलेली.

मग माणसं पुढं, समुद्र ओलांडून, का निघतात? २०१५ मध्ये दहा लाखांहून जास्त लोक समुद्रमार्गे युरोपात पोचले. त्याआधी काय झालं ते पाहा. १ डिसेंबर २०१४ रोजी जागतिक अन्न कार्यक्रमानं शेजारच्या देशांतल्या १७ लाख सीरियन निर्वासितांची अन्नकुपनं थांबवली, कारण त्या महिन्याला लागणारे ६ कोटी ४० लाख डॉलर जमले नव्हते. धावपळ करून ती पुन्हा सुरू झाली. २०१५ च्या उन्हाळ्यात लेबनॉनमधलं कुपन माणशी महिना साडेतेरा डॉलरवर आलं. सप्टेंबरमध्ये जॉर्डनमधल्या २,२९,००० लोकांची मदत बंद झाली. युद्धाचं पाचवं वर्ष, साठवलेलं संपलेलं, कामाची परवानगी नाही, मुलांची शाळा बुडालेली, आणि त्यात रेशन निम्मं. निघण्याचं हेच एक कारण होतं असं मी म्हणणार नाही, पण संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेनंही ते प्रमुख कारणांत धरलं होतं. मार्च २०१६ मध्ये युरोपीय संघानं तुर्कस्तानला ६ अब्ज युरो देऊ केले, लोक तिथेच थांबावेत म्हणून. कुपनांना पैसे नव्हते, थोपवायला निघाले.

रेशन निम्मं करण्याच्या दिवशी वाटपकेंद्रावर मी अनेकदा उभा राहिलोय. आरडाओरडा होईल असं नवख्यांना वाटतं. होत नाही. लोक शांतपणे पिशवीचं वजन हातानं तोलतात आणि घरी जातात. आठवड्याभरानं तंबू रिकामे दिसू लागतात. अशा एका कपातीच्या वेळी वरिष्ठ कार्यालयातून मला विचारणा झाली होती, की ‘लाभार्थींची संख्या कमी कशी झाली, गळती रोखण्यात यश आलं का?’

दहशतवादाचं थोडक्यात. गरीब माणूस दहशतवादी होतो हे मला मान्य नाही, आणि पुरावाही तसं सांगत नाही. ११ सप्टेंबर २००१ चे विमान अपहरणकर्ते शिकलेले होते, त्यांचा म्होरक्या हॅम्बुर्गला शहररचना शिकत होता. त्यांना लागला तो गरीब देश: जिथे सरकार नावापुरतं आहे, तळ उभारला तर विचारणारा कुणी नाही. अफगाणिस्तान १९८९ नंतर, सोव्हिएत फौजा गेल्यावर, जगानं सोडून दिला होता. पुढच्या वीस वर्षांच्या युद्धावर अमेरिकेनं सुमारे २,३०० अब्ज डॉलर खर्चले, असा ब्राउन विद्यापीठाचा हिशोब आहे. आणि शेवट काय झाला ते सगळ्यांनी काबूलच्या विमानतळावर पाहिलं.

गुन्हेगारीचंही असंच. म्यानमारमध्ये फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर सीमेवरचे पट्टे टोळ्यांच्या हाती गेले. तिथे तटबंद आवारांत माणसांना डांबून त्यांच्याकडून जगभरच्या लोकांना फोनवर, संदेशांवर फसवण्याचं काम करून घेतलं जातं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयानं २०२३ मध्ये म्यानमारमध्ये असे किमान १,२०,००० लोक अडकले असल्याचा अंदाज दिला होता. फसवणारा आणि फसलेला, दोघंही बळी. फोन उचलणाऱ्याला त्या देशाचं नावही माहीत नसतं. २०२३ मध्येच अफूच्या उत्पादनात म्यानमारनं अफगाणिस्तानला मागं टाकलं. बंदी अफगाणिस्तानात आली, धंदा दुसऱ्या मोडलेल्या देशात सरकला.

इथवर मी गरिबी आणि युद्ध एकाच दमात म्हणत आलो, पण त्यांचं नातं सांगायला हवं. आफ्रिकेतल्या देशांचा पावसाच्या नोंदींवरून केलेला एक गाजलेला अभ्यास आहे, २००४ चा. पाऊस चुकून विकासदर पाच टक्के-बिंदूंनी घसरला की पुढच्या वर्षी यादवीची शक्यता निम्म्यानं वाढते, असं त्यात दिसलं. उपाशी माणूस लगेच बंदूक उचलतो असं नाही. बंदूक देणाऱ्याला माणसं स्वस्तात मिळतात. आणि एकदा युद्ध झालं की मध्यम आकाराच्या विकसनशील देशाची सरासरी तीस वर्षांची वाढ त्यात जाते, असं जागतिक बँकेनं २०११ मध्ये मांडलं. गरिबीतून युद्ध, युद्धातून गरिबी. या चक्रातून बाहेर पडता येत नाही असंही नाही. दक्षिण कोरिया १९५३ मध्ये युद्धातून उठला तेव्हा जगातल्या अगदी गरीब देशांत होता. २०१० मध्ये तो मदत देणाऱ्या श्रीमंत देशांच्या समितीचा सदस्य झाला. तो तसाच राहिला असता तर जगानं काय गमावलं असतं, ते कुठल्याच हिशोबाच्या वहीत दिसलं नसतं.

आणि एक पथ्य. ‘गरीब देशांचा जगाला त्रास’ ही मांडणीच अर्धी आहे. नळ दोन्हीकडून वाहतो. २०११ मध्ये लिबियात गद्दाफी यांची राजवट नाटोच्या हवाई हल्ल्यांच्या साथीनं पडली, शस्त्रागारं उघडी पडली, आणि त्यांच्या फौजेतले सहारातल्या तुआरेग जमातीचे लढवय्ये शस्त्रांसह मालीत परतले. जानेवारी २०१२ मध्ये बंड, मार्चमध्ये लष्करी उठाव, पुढच्या जानेवारीत फ्रेंच फौजा. आज सहाराच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्याचा मोठा भाग पेटलेला आहे. काँगोच्या पूर्वेला रुबाया इथल्या खाणींतून जगातल्या टँटलम या धातूचा सुमारे १५ टक्के पुरवठा होतो. फोनमधल्या बारीक कपॅसिटरना ते लागतं. २०२४ मध्ये एम-२३ बंडखोरांनी त्या खाणी घेतल्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या मते तिथून महिन्याला किमान आठ लाख डॉलर वसूल करू लागले. मागणी आपली असते. यावरचे उपायही सरळ नाहीत. २०१० मध्ये अमेरिकेनं अशा खनिजांचा उगम जाहीर करण्याचा कायदा केला, तेव्हा कित्येक खरेदीदारांनी कटकट नको म्हणून त्या भागातून घेणंच थांबवलं, आणि फावड्यावर पोट असलेले साधे खाणकामगार देशोधडीला लागले.

आता शेवटचा प्रश्न, भाकऱ्या कुणी भाजायच्या. २०२४ मध्ये जगाचा लष्करी खर्च २,७१८ अब्ज डॉलर होता. श्रीमंत देशांची सगळी विकास-मदत मिळून २१२ अब्ज, आणि तीही आदल्या वर्षीपेक्षा कमी. त्यातलाही काही भाग देणारे देश आपल्याच भूमीवर आलेल्या निर्वासितांवर खर्च करतात आणि मदत म्हणून मोजतात. त्यामुळे मदतीपायी कुणाचं घर बुडतंय हा युक्तिवाद मला हिशोबात बसत नाही. मदत वाया जाते हा बसतो. मी स्वतः वाया जाताना पाहिली आहे: वीज नसलेल्या गावात आलेली यंत्रं, तीन वर्षांचा प्रकल्प संपला म्हणून घरी पाठवलेल्या प्रशिक्षित नर्स. काम न जमण्याचं कारण बहुतेक वेळा पैसा कमी हे नसतं, तो तुटक येतो हे असतं. पहाऱ्याला दरमहा पगार लागतो, उद्घाटन लागत नाही.

जमतं तेव्हा कसं जमतं, तेही पाहा. देवीचा नैसर्गिक संसर्गाचा जगातला शेवटचा रुग्ण ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियातल्या मेर्का गावी सापडला, एका इस्पितळातला स्वयंपाकी. त्याच वेळी सोमालिया आणि इथिओपिया यांच्यात ओगाडेनचं युद्ध जोरात चालू होतं. देवी निर्मूलनाच्या मोहिमेला सगळे मिळून सुमारे ३० कोटी डॉलर लागले, आणि तेव्हापासून प्रत्येक देश देवीची लस टोचण्याचा खर्च दरवर्षी वाचवतो आहे. १९८५ मध्ये एल साल्वाडोरच्या यादवीत सरकार आणि बंडखोर दोघांनीही मुलांच्या लसीकरणासाठी तीन रविवार बंदुका खाली ठेवल्या. युद्ध पुढं सात वर्षं चाललं, पण ते रविवार पाळले गेले.

‘आपल्याच फायद्यासाठी मदत करा’ हा युक्तिवाद मीही वर ठिकठिकाणी वापरला आहे, कारण तो चालतो. पण त्यात एक खोट आहे आणि ती लपवणं बरं नाही. फायद्याच्या गणितात इबोला येतो, गोवर येत नाही. जे संकट आपल्यापर्यंत पोचणारच नाही त्यात मरणारी मुलं या हिशोबात शून्य धरली जातात. बेनीतल्या लोकांनी आमच्या गाड्यांवर दगड मारले ते बहुधा हे त्यांच्या लक्षात आलं होतं म्हणूनच.

एक व्यवहाराची गोष्ट विचारायची राहिली असेल तर सांगून टाकतो: यातलं काय पुढं आपल्यापर्यंत येणार हे आधी ओळखता येतं का? थोडंफार येतं. बॉम्बहल्ल्याच्या बातम्या त्यासाठी उपयोगी नाहीत. आतल्या पानावरच्या चार ओळी शोधायच्या. अमुक छावणीत रेशन कमी केलं. तमुक प्रांतात लसीकरण पुढं ढकललं. सरकारी नोकरांचे पगार थकले. सप्टेंबर २०१६ मध्ये येमेनची मध्यवर्ती बँक साना इथून एडनला हलवली गेली आणि लाखो कर्मचाऱ्यांचे पगार अडकले. माझ्या हाताखालचा साना इथला गोदामपाल त्या आठवड्यात म्हणाला होता, की आता बंदरावरचा क्रेनवालाही उद्यापासून येणार नाही. क्रेनवाला तिसऱ्या दिवसापर्यंत आला, मग आला नाही.